चेहरा ओळखणारं हजेरीचं मशीन काहीच जणांना का अडवतं?

रानजाई

आमच्या संस्थेत कार्डं बंद करून चेहऱ्यावरून हजेरी घेणारं मशीन बसवलंय. आमच्याकडे वेगवेगळ्या देशांतले लोक काम करतात. हजेरीचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे सकाळी मी त्या दारापाशीच असते. गोरे सहकारी येतात, मशीन हिरवं होतं, ते आत जातात. दोन कृष्णवर्णीय सहकारी आहेत, दोघीही बायका. त्या मात्र मशीनसमोर ताटकळतात. त्यातली एक आता आल्या आल्या चष्मा काढते, केस मागे घेते, हनुवटी वर करते. मागे रांग खोळंबलेली असते आणि ती कोणाकडेही न बघता पुन्हा तेच करते. परवा मला म्हणाली, "मी इथलीच आहे हे मला रोज सकाळी सिद्ध करावं लागतं."

तिच्या नावावर उशिराचा शेरा पडतो, तो मी नंतर हाताने दुरुस्त करते. पुरवठादाराला कळवलं. त्याचं उत्तर असं: अचूकता ९९ टक्के आहे, मशीनला वंश-वर्ण काही कळत नाही, प्रणालीत तसा रकानाच नाही, बाईंना नीट उभं राहायला सांगा. वरिष्ठांना ते पटलं. मला पटत नाही, पण खोडताही येत नाही. वंश सांगितलेलाच नसेल तर मशीन भेदभाव करतं कसं? आणि मी त्यांना नेमकं काय विचारू?

निकष

रानजाईताई, चेहरे जुळवणारी सॉफ्टवेअर तपासणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आधी ते ९९ टक्के. आकडा खोटा असेलच असं नाही. पण समजा तपासणीच्या शंभर चेहऱ्यांत नव्वद गोऱ्यांचे होते आणि त्यात एकही चूक झाली नाही. उरलेल्या दहांत एक चुकला. अचूकता ९९ टक्केच भरते, आणि त्या दहा जणांच्या वाट्याला मात्र दहातली एक चूक येते. हे काल्पनिक गणित असलं तरी वस्तुस्थितीपासून फार लांब नाही. या क्षेत्रात वर्षानुवर्षं ज्या फोटोसंचावर कंपन्या आपले गुण मिरवायच्या, त्या 'लेबल्ड फेसेस इन द वाइल्ड'मध्ये सुमारे ७७ टक्के चेहरे पुरुषांचे आणि सुमारे ८३ टक्के गोऱ्यांचे होते. तो संच बातम्यांमधल्या फोटोंवरून बनवला होता. बातम्यांत जे दिसतात तेच त्यात आले.

२०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी हे उजेडात आणलं. त्यांनी तीन आफ्रिकी आणि तीन युरोपीय देशांच्या संसद सदस्यांचे १,२७० फोटो घेतले आणि मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, फेस प्लस प्लस यांच्या प्रणालींना फक्त स्त्री की पुरुष एवढंच विचारलं. उजळ त्वचेच्या पुरुषांमध्ये चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. गडद त्वचेच्या स्त्रियांमध्ये ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. पुरवठादार इथे हटकून अडवतात की ही परीक्षा लिंग ओळखण्याची होती, व्यक्ती ओळखण्याची नव्हे. ते खरं आहे. म्हणून त्यांच्यासमोर दुसरा अहवाल ठेवा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये चेहरे जुळवणारे १८९ अल्गोरिदम (सॉफ्टवेअरच्या आतल्या आकडेमोडीच्या पद्धती) तपासले, सुमारे ८५ लाख लोकांच्या १ कोटी ८२ लाखांहून जास्त फोटोंवर. भलत्याच माणसाला 'हाच तो' म्हणण्याची चूक आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांवर गोऱ्यांच्या तुलनेत अल्गोरिदमप्रमाणे १० ते १०० पट जास्त निघाली.

त्याच अहवालातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चीनमध्ये बनलेल्या काही अल्गोरिदममध्ये पूर्व आशियाई चेहऱ्यांवरच्या या चुका कमी होत्या. म्हणजे अमुक वंशाचे चेहरे ओळखायला मुळातच कठीण असतात, हा युक्तिवाद तिथेच संपतो. ज्याने जे चेहरे भरपूर दाखवले, ते मशीनला नीट येतात.

आता रकान्याचं. मशीन चेहऱ्याचं रूपांतर आकड्यांच्या एका लांब यादीत करतं, पुष्कळदा ५१२ आकडे. दोन याद्या एकमेकींच्या जवळ आल्या तर माणूस एक, लांब राहिल्या तर दोन. कुठले फरक महत्त्वाचे धरायचे हे ते शिकवणीच्या फोटोंवरून ठरवतं. ज्या गटाचे फोटो थोडे, त्यातल्या माणसामाणसांतले बारीक फरक त्याला शिकायलाच मिळत नाहीत, आणि त्या गटातल्या निरनिराळ्या लोकांच्या याद्या एकमेकींना चिकटून बसतात. वंशाचा रकाना कुठेच नसतो, तरी वंशानुसार चूक वाढते.

तुमच्याकडे मात्र उलटी चूक होतेय: माणूस तीच आहे आणि मशीन नाही म्हणतंय. एनआयएसटीच्या अहवालात या प्रकारच्या चुकीत गटागटांतला फरक बराच लहान होता, आणि तो फोटोच्या दर्जाप्रमाणे बदलत होता. म्हणून माझा पहिला संशय कॅमेरा आणि उजेडावर आहे. मशीनसमोर उभं राहणाऱ्याच्या पाठीमागे काय आहे? खिडकी, काचेचं दार?

तर्कसंगत

निकष यांनी जुने आकडे दिलेत. २०१९ नंतर हे तंत्र खूप पुढे गेलंय. त्याच अहवालात असंही आहे की सर्वात अचूक अल्गोरिदमपैकी काहींमध्ये गटागटांतला फरक जवळपास दिसतच नव्हता. मग सगळ्या तंत्रावर ठपका का? माणसंही परक्या वंशाचे चेहरे ओळखताना चुकतात, ते तर जगभर दिसलंय. चांगलं मॉडेल, म्हणजे नीट शिकवलेलं सॉफ्टवेअर घ्या, प्रश्न मिटला.

उपचारिका

मी आरोग्याच्या आकडेवारीत काम करते. चेहऱ्यांबद्दल बोलणार नाही, पण "रकानाच नाही" हे वाक्य आमच्याकडेही ऐकलंय, म्हणून लिहिते.

अमेरिकेत पुढे जास्त काळजीची गरज कोणाला लागेल हे ठरवणारा एक अल्गोरिदम मोठ्या प्रमाणावर वापरात होता. त्यात वंश घेतलेला नव्हता. त्याने आजारपणाचा अंदाज उपचारांवर होणाऱ्या खर्चावरून बांधला. पण सारख्याच आजारी असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर गोऱ्यांपेक्षा कमी पैसा खर्च होत आला होता, कारण त्यांच्यापर्यंत उपचार तितके पोचलेच नव्हते. अल्गोरिदमला ते कमी आजारी वाटले. २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाने हिशोब मांडला: ही चूक काढली तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीय रुग्णांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. आधी ज्यांना डावललं त्यांचं डावललं जाणंच पुढच्या निर्णयाचा पुरावा ठरलं. हे आठवलं की मला अजून राग येतो, कारण गणितात चूक नव्हती. खर्च म्हणजेच गरज, हे कोणीतरी ठरवलं होतं.

निकष

उपचारिका, हे उदाहरण फार नेमकं दिलंत.

तर्कसंगत, चांगली मॉडेल आहेत, हे मान्य. मी स्वतः अशी तपासलीत. पण विकत घेणाऱ्याला आपल्या डब्यात कुठलं मॉडेल आहे हे बहुतेक वेळा कळतच नाही. आणि मॉडेल चांगलं असलं तरी ते कुठल्या थ्रेशोल्डवर चालवायचं, म्हणजे किती साम्य दिसलं की 'जुळलं' म्हणायचं, हे माणूस ठरवतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने ॲमेझॉनच्या प्रणालीत तिथल्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, सदस्यांचे फोटो घालून ते अटक झालेल्यांच्या २५,००० फोटोंशी ताडले. २८ सदस्य अटक झालेल्यांशी 'जुळले'. काँग्रेसमध्ये गौरेतर सदस्य २० टक्क्यांच्या आसपास, पण या चुकीच्या जुळण्यांत ते ३९ टक्के. ॲमेझॉनचं म्हणणं होतं की पोलिसी कामाला थ्रेशोल्ड ८० नव्हे, बराच वर ठेवायला हवा. पण ८० हाच त्या प्रणालीत आधीपासून लावून दिलेला आकडा होता. घेणारा तो बदलेल याची खात्री कोणी करायची?

शिवाय माणूसही चुकतो म्हणून मशीन चाललं तर हरकत नाही, हे मला मुळीच मान्य नाही. प्रत्यक्षात दोघांच्या चुका एकमेकींना दुजोरा देतात. डेट्रॉइटचं प्रकरण बघा. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या एका दुकानातून महागडी घड्याळं चोरीला गेली. सीसीटीव्हीचा धूसर फोटो प्रणालीत घातला. तिने एका कृष्णवर्णीय गृहस्थाचा ड्रायव्हिंग लायसन्सवरचा जुना फोटो पुढे केला. मग पोलिसांनी सहा फोटो मांडून ओळख पटवून घेतली, आणि ती कोणाकडून, तर जिने चोरी पाहिलेलीच नव्हती, फक्त चित्रीकरण पाहिलं होतं, अशा सुरक्षा कर्मचाऱ्याकडून. जानेवारी २०२० मध्ये त्या गृहस्थाला राहत्या घरासमोर, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या. सुमारे ३० तास कोठडी. चोर दुसराच होता.

यातली पायरीपायरी नीट बघा. मशीनचं कामच मुळी लाखो फोटोंतून सर्वात सारखा दिसणारा चेहरा शोधणं. मग तो चेहरा इतर पाच जणांत ठेवून विचारलं, यातला कोण त्या चित्रीकरणातल्या माणसासारखा दिसतो? उत्तर दुसरं काय येणार? पण कागदावर दोन पुरावे झाले, मशीनचा एक आणि साक्षीदाराचा एक. खरं तर एकच अंदाज दोनदा मोजला गेला. २०२४ मध्ये त्या खटल्यात तडजोड झाली, तेव्हा शहराने ३ लाख डॉलर दिले आणि अट मान्य केली: केवळ चेहऱ्याच्या जुळणीवर अटक नाही, आणि जुळणीच्या पाठोपाठ नुसती फोटोंची ओळखपरेड घेऊनही अटक नाही. दरम्यान २०२३ मध्ये त्याच शहरात आठ महिन्यांच्या गरोदर कृष्णवर्णीय स्त्रीला अशाच चुकीच्या जुळणीवरून गाडी पळवल्याच्या आरोपात अटक झाली होती.

आणखी एक गोष्ट. अटक झालेल्यांच्या फोटोंच्या साठ्यात कृष्णवर्णीय लोकांचे फोटो त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त आहेत, कारण अटका तशा झाल्या आहेत. मॉडेल अगदी निर्दोष धरलं तरी शोधाचं जाळं त्यांच्याच अंगावर जास्त पडतं. यावर चांगलं मॉडेल हा उपाय नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. निकष, पाठीमागे काचेचं दार आहे आणि सकाळी तिथून थेट ऊन येतं.

तुमचं वाचून पुरवठादाराशी पुन्हा बोलले. आता तो म्हणतो, "त्या दोघींपुरता थ्रेशोल्ड खाली आणून देतो, मग काही अडणार नाही." वरिष्ठ लगेच तयार झाले. करू का?

निकष

नका करू. थ्रेशोल्ड खाली आणला की त्या दोघींना नकार कमी मिळेल, पण दुसरी एखादी त्यांच्या नावावर आत जाण्याची शक्यता वाढेल, आणि ती चूक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चेहऱ्यांवर आधीच जास्त होते. उद्या दोघींपैकी एकीच्या हजेरीवर दुसरीची नोंद झाली तर खुलासा त्यांनाच द्यावा लागेल.

काचेच्या दाराने बहुतेक उलगडा होतोय. कॅमेरा सगळ्या चौकटीचा मिळून उजेड मोजतो. मागे ऊन असलं की तो उजेड आत कमी घेतो आणि समोरचा चेहरा काळोखात जातो. उजळ चेहऱ्यावर तरीही नाक, भुवया, जबडा यांच्या सावल्या उरतात. गडद चेहऱ्यावर त्या एकमेकींत मिसळतात आणि मशीनला मोजायला काही राहत नाही. हे मी पडद्यावर पाहिलंय. चेहरा सापडला की मशीन त्याभोवती चौकोन काढतं, तो यायलाच तयार नव्हता. मागचा पडदा ओढला आणि बाजूने एक दिवा लावला, तर तोच चेहरा, तेच मॉडेल, आणि चौकोन क्षणात आला. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवायला कोडॅकच्या कार्डावर गोरी बाई असायची आणि सावळ्या चेहऱ्यांची फोटोत माती व्हायची. ते दुखणं नवीन नाही, आणि तेव्हाही दोष चेहऱ्याचा नव्हता.

तेव्हा मशीन काचेकडे पाठ करून बसवायला सांगा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडेल. दोघींचे नोंदणीचे फोटो त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा घ्या. बऱ्याचदा नोंदणीचा फोटोच वाईट असतो आणि पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशीच होते. त्याला लेखी विचारा: मॉडेल कोणाचं, कुठली आवृत्ती, एनआयएसटीच्या चाचणीला दिलंय का, थ्रेशोल्ड किती, आणि गडद त्वचेच्या स्त्रियांवर दोन्ही प्रकारच्या चुका वेगवेगळ्या किती. "एकूण अचूकता" असं उत्तर आलं तर ते उत्तर धरू नका, पुन्हा विचारा.

आणि कार्ड परत सुरू करा, सगळ्यांसाठी. त्या दोघींनाच कार्ड दिलंत तर रांगेत त्या पुन्हा वेगळ्या काढल्यासारख्या दिसतील. आधीचे उशिराचे शेरे तुम्ही हाताने पुसता, ते पुसण्याआधी त्यांची नोंद ठेवा, नाहीतर कागदोपत्री मशीन कधी चुकलंच नाही असं दिसेल. मशीनमधून गेल्या महिन्याची नकारांची फाईल काढता येते, ती मागा. ती इथे टाकू नका, त्यात लोकांची नावं असतील. नावं काढून प्रत्येकाचे एकूण प्रयत्न आणि नकार एवढंच लिहा, मी बघते.