दुय्यम परजीवीला पत्ता देतो कोण?
सुरवंटाच्या पोटात दडलेली परजीवी गांधीलमाशी तिच्यावर जगणाऱ्या दुसऱ्या गांधीलमाशीला, म्हणजे दुय्यम परजीवीला, सापडते कशी, या प्रश्नाला जोडून थोडे लिहितो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच संशोधनानुसार, कोटेशिया या परजीवी गांधीलमाशीच्या अळ्या पोटात पोसणारा सुरवंट कोबी कुरतडतो तेव्हा त्याची लाळ बदललेली असल्याने पानाचा वासही बदलतो, आणि तो हुंगत आलेली लायसिबिया नाना ही दुय्यम परजीवी कोटेशियाच्या अळ्यांनी सुरवंटाबाहेर विणलेल्या कोषांत अंडी घालते. वासाने कोटेशियाला मदतीला हाक मारणारे झाडच या रक्षकाचा घात करते, हे मला विलक्षण वाटते. गोव्यात परसातल्या पपईवर पिठ्या ढेकूण दिसला की परजीवी सोडण्याचा सल्ला मिळतो. त्यासाठी २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून भारतात आणलेल्या असेरोफॅगस या पिठ्या ढेकणावरच्या परजीवी गांधीलमाशीसारख्या कीटकांना आधी विलगीकरणात वाढवतात, ते बऱ्याच अंशी सोबत येऊ शकणारे दुय्यम परजीवी गाळण्यासाठीच.