घरच्या मशीनवर आयलेटचे पडदे: कापड किती घ्यावं, कुठे चुकतं?

नवा_दोरा
हॉलच्या खिडकीचे आयलेटचे पडदे (वरच्या पट्टीत रॉड ओवायला गोल कड्या, म्हणजे आयलेट, बसवलेले) घरीच शिवायचे आहेत. खिडकी ६० इंच रुंद, ४८ इंच उंच. रॉड ७२ इंच लांब, चौकटीच्या ६ इंच वर. पडदा चौकटीखाली ६ इंच हवा. कापड सुती, पन्हा ४८ इंच, मोठ्या फुलांचं. मशीन साधं घरगुती. ब्लाउज, परकर शिवता येतात, पडदे कधी शिवलेले नाहीत. दुकानदार म्हणतो पाच मीटर पुरे. पुरेल का? आणि काय काय बिघडू शकतं?

पन्हा_४८
पाच मीटर पुरणार नाही. त्यात दोनच पन्हे (कापडाच्या पूर्ण रुंदीचे, पडद्याच्या लांबीचे तुकडे) निघतात, बाजूंच्या दुमडी जाऊन ८८ इंच रुंदी उरते आणि रॉड आहे ७२ चा. पडदे ओढले की घड्या जवळपास नाहीशा होतात. आयलेटला रॉडच्या पावणेदोन ते दुप्पट रुंदी लागते, म्हणजे तुम्हाला तीन पन्हे हवेत.

लांबीचा हिशोब असा. रॉडपासून खाली ६० इंच, वर डोकावणारी पट्टी धरून तयार पडदा ६१. वरच्या दुमडीला साडेचार (४ इंची बकरम, म्हणजे वरची दुमड ताठ ठेवणारी कडक पट्टी, आणि अर्धा इंच आत मोडायला), खाली ४ इंचांची दुहेरी दुमड म्हणजे ८. झाले साडेत्र्याहत्तर. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन-चार टक्के आटतं, त्याचे ३ इंच धरून एका पन्ह्याला ७७ इंच. तीन पन्ह्यांना सव्वासहा मीटर घ्या.

हे साध्या कापडाचं झालं. फुलं मोठी आहेत, तर एका फुलापासून तेच फूल पुन्हा येईपर्यंत उभं अंतर मोजा. ते २४ इंच असेल, तर ७७ ऐवजी २४ च्या पटीतला पुढचा आकडा, म्हणजे ९६ धरायचा. शेवटच्या पन्ह्याला ही वाढ लागत नाही. ९६, ९६ आणि ७७ मिळून सात मीटर होतात. हे न मोजता कापड आणलं की जोडावर अर्धं फूल वर आणि अर्धं खाली येतं, आणि मग काही करता येत नाही.

तिसरा पन्हा उभा अर्धा कापा. त्याचा उजवा अर्धा डाव्या पडद्याला आणि डावा अर्धा उजव्या पडद्याला, दोन्ही भिंतीकडच्या बाजूला जोडा. उलट जोडलंत तर किनारीवरचं डिझाइन जुळणार नाही.

कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवा, पिळू नका, सावलीत वाळवून किंचित दमट असतानाच इस्त्री करा. अस्तर लावणार असाल तर तेही भिजवा. एक आटलेलं आणि दुसरं कोरं असलं की पहिल्याच धुण्यानंतर पडदा खाली फुगतो.

बॉबिन_आणि_बकरम
वरचा हिशोब बरोबर आहे. आता शिलाईचं.

ब्लाउजच्या सवयीने बारीक टाका घालू नका. टाक्याची लांबी ३ ते साडेतीन मिलिमीटर, सुई १६ नंबर, दोरा पॉलिएस्टरचा, ताण नेहमीपेक्षा थोडा सैल. लांब शिलाईवर बारीक टाका आणि घट्ट ताण एकत्र आले की कड आखडते, आणि इस्त्रीनेही ती सरळ होत नाही. किनार कापडापेक्षा घट्ट विणलेली असते, म्हणून ती शिलाईत राहणार असेल तर दर २ इंचांवर तिला तिरपी कात्री मारा.

आधी जोड, मग बाजूंच्या १ इंची दुहेरी दुमडी, मग वरचं बकरम. खालची दुमड सगळ्यात शेवटी. आयलेट लावून पडदा दोन-तीन दिवस टांगून ठेवा, सैल विणीचं कापड वजनाने ओढलं जातं. त्यानंतर जमिनीपासून मोजून खडूने रेघ मारा आणि दुमडा. ही तुरपाई हातानेच करा. मशीनची शिलाई उजेडात समोरून रेघेसारखी दिसते.

आयलेट नेहमी सम संख्येत, तरच दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. तुमचा एक पडदा साधारण ६७ इंचांचा होईल. पहिल्या आणि शेवटच्या आयलेटचं केंद्र कडेपासून २ इंच आत, मधल्या ६३ इंचांत एकूण १२ आयलेट, अंतर पावणेसहा इंचांना किंचित कमी. दोन्ही पडद्यांना मिळून २४. मधल्या कडेपासून (जिथे दोन पडदे भेटतात) मोजलं तर जोड आठव्या आणि नवव्या आयलेटच्या मधे येतो आणि मागच्या घडीत लपतो. धुतल्यावर रुंदी थोडी कमी भरेल, तेव्हा शिवून झालेला पडदा मोजूनच खुणा करा.

रॉड २५ मिलिमीटरचा असेल तर आतून ४० मिलिमीटरचे प्लास्टिकचे दाबून बसणारे आयलेट घ्या, पंच लागत नाही. भोक आयलेटच्या आतल्या वर्तुळापेक्षा जेमतेम २-३ मिलिमीटर मोठं ठेवा. जास्त कापलं गेलं की धुताना कापड निसटतं.

नवा_दोरा
खूप मदत झाली. स्वयंपाकघराची खिडकी ३६ × ४८ आहे, तिथे चौकटीच्या आत रोमन ब्लाइंड (दोरी ओढली की आडव्या घड्या पडत वर चढणारा सपाट पडदा) जमेल का? घरात लहान मूल आहे.

पन्हा_४८
जमेल, फक्त मापात अजिबात ढिलाई चालत नाही. तयार रुंदी साडेपस्तीस ठेवा. काठ्या चार, ८ मिलिमीटर जाडीच्या. खालच्या कडेपासून ६, १६, २६ आणि ३६ इंचांवर. वर १२ इंच मोकळे. सगळी मापं खालच्या कडेपासूनच घ्या. आधीच्या खुणेपासून पुढची घेत गेलं की चूक वाढत जाते आणि ब्लाइंड तिरका चढतो.

काठीसाठी अस्तराला चिमटा घालून दुमडीपासून १६ मिलिमीटरवर शिलाई मारा. प्रत्येक खोळीला सव्वा इंच अस्तर जातं, म्हणून अस्तर ५ इंच जास्त घ्या. प्रत्येक खोळीवर चार छोट्या रिंगा, कडेच्या २ इंच आत, मधल्या साडेदहा-साडेदहा इंचांवर. रिंगांच्या प्रत्येक उभ्या ओळीला एक दोरी, सर्वात खालच्या रिंगेला गाठ आणि गाठीवर फेविकॉलचा थेंब. वरची कड वेल्क्रोने लाकडी पट्टीवर बसवा, मऊ बाजू कापडाकडे, म्हणजे ब्लाइंड काढून धुता येतो.

दोऱ्यांचा फास कुठेही लोंबता ठेवू नका. दोऱ्या गुंडाळायचा हूक जमिनीपासून निदान ५ फूट उंच हवा, आणि खाली पलंग किंवा स्टूल नको. मूल लहान असेपर्यंत मी तर तिथे दोरीशिवायचा साधा पडदाच सुचवेन.

बॉबिन_आणि_बकरम
साधा पडदाच करायचा ठरलं तर जुनी सुती साडी आडवी वापरा. साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास, तो पडद्याची उंची होतो. वरची दुमड जाऊन ४० इंच उतरतात, खालच्या कडेला आयता काठ येतो आणि मधे एकही जोड लागत नाही. उंची कमी पडत असेल तर रॉड चौकटीच्या आत, थोडा खाली बसवा. गॅस खिडकीला लागून असेल तर मात्र पडदा नकोच, सुतीही नाही.