मदत हवी आहे: माशांच्या टँकमध्ये वाळू घालू की खडी?

तळ्यातमळ्यात
टँकच्या तळाला वाळू की खडी? जिथे वाचावं तिथे निराळंच लिहिलेलं. वाळू आणून ठेवलीय, आज सुट्टी आहे, संध्याकाळच्या आत काम उरकायचंय. कृपया "ते अवलंबून आहे" असं उत्तर नको. एक काय ते सांगा.

शेवाळ
टँक केवढा? मासे कुठले? टँक रिकामा आहे की चालू? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

जुनाजाणता
खडी. २ ते ५ मिमीची. मी वर्षानुवर्षं तीच वापरतोय. पाणी आरपार खेळतं, सायफन (घाण ओढून काढायची नळी) लावला की घाण वर येते आणि खडी जागेवर राहते. वाळूचा थर दबतो, आत ऑक्सिजन पोचत नाही, मग हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यांसारखा वास येतो.

वाळवंटी
हा वायूचा बागुलबुवा प्रत्येक धाग्यावर येतो. थर २-३ सेंमीचाच ठेवा, पाणी बदलताना बोटांनी हलवा, काही होत नाही. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी असतील तर त्याच वाळू उकरत राहतात. उलट खडीच्या फटींत उरलेलं खाणं जाऊन कुजतं, आणि दिसत नाही म्हणून कोणी काढत नाही.

जुनाजाणता
वाळूवर सगळी घाण वर दिसते, आणि नळी जरा खाली गेली की निम्मी वाळू बादलीत.

वाळवंटी
मग नळी वाळूत खुपसायचीच नाही, वरच्या वर फिरवायची. घाण दिसते हे चांगलंच आहे, दिसली की काढता येते.

मत्स्यगंधा
गोल्डफिश असतील तर सांभाळा. ते तळाचे खडे तोंडात घेतात आणि एखादा अडकून बसतो. त्यांना एकतर वाळू, नाहीतर तोंडात मावणारच नाहीत असे गोटे.

तळ्यातमळ्यात
गोल्डफिश नाहीत. टँक ६० × ३० सेंमी, चालू आहे. निऑन टेट्रा आणि कोरी (तळाशी फिरणारे मिशीवाले मासे). सध्या रंगीत खडी आहे, धारदार. कोरींच्या मिशा आखूड झाल्यासारख्या वाटतात म्हणून तर विचारतोय! फिल्टर नेहमीचाच.

शेवाळ
मिशांचं पहिल्यांदा सांगायचं ना! कोरी वाळूत तोंड खुपसतात आणि ती कल्ल्यांतून बाहेर सोडतात, खाणं शोधायची त्यांची रीतच ती. खडीवर हे जमत नाही. त्यामुळे कोरींना वाळूच. पण मिशा झिजतात त्यात तळाच्या घाणीचाही हात असतो, नुसती वाळू घालून भागणार नाही. पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीपासून होणारी विषं) आजच तपासा, दोन्ही शून्य हवेत. आणि "नेहमीचा फिल्टर" म्हणजे कुठला?

रोपवाटिका
थोडं अवांतर. अॅनुबियस किंवा जावा फर्न असेल तर त्याचं आडवं खोड वाळूतही गाडू नका आणि खडीतही नका, कुजतं. लाकडाला दोऱ्याने बांधा. अॅमेझॉन स्वोर्ड असेल तर मुळांशी खताच्या गोळ्या खोचा.

तळ्यातमळ्यात
झाडं प्लास्टिकची आहेत. खडीखाली जाळीची प्लेट आहे, कोपऱ्यातल्या नळीतून बुडबुडे येतात, तोच फिल्टर. वाळू धुऊन तयार आहे. खडी काढायला घेऊ ना?

शेवाळ
थांबा! हात लावू नका. हा अंडरग्रॅव्हल फिल्टर आहे, म्हणजे तुमची खडीच तुमचा फिल्टर आहे. अमोनिया खाणारे जिवाणू तिच्यावरच वाढलेत. सगळी एकदम काढलीत तर मासे अमोनियात सापडतील. आणि प्लेटवर वाळू घातली तर ती फटींतून खाली जाईल, पाण्याची वाट बंद होईल.

आधी स्पंज फिल्टर लावा आणि आहे त्याच्या जोडीला ४ ते ६ आठवडे चालू द्या, म्हणजे जिवाणू त्यावरही वाढतील. मग खडी थोडी थोडी काढा, शेवटी प्लेट, आणि त्यानंतर वाळू. ३ सेंमीच्या थराला ८-९ किलो लागेल.

जुनाजाणता
म्हणजे तूर्तास खडीच! पण धारदार नको, गोल कडांची बारीक घ्या. प्लेट तशीच राहील. खडीही टप्प्याटप्प्यानेच बदला, हे शेवाळताईंचं बरोबर आहे.

वाळवंटी
तोवर कोरींनी काय करायचं? काचेचं एक उथळ, छोटं भांडं घ्या, त्यात धुतलेली वाळू भरा आणि खडीवर टेकवा. खाणं त्यातच टाका, कोरी आपोआप तिथे येतील. थोडी वाळू बाहेर सांडेल, तेवढ्याने प्लेट बुजत नाही.

नवशिका१
मध्येच विचारतो, समुद्राची वाळू चालते का?

शेवाळ
गोड्या पाण्याला नको. मीठ धुऊन जाईल, शिंपल्यांचा चुरा राहील, आणि त्याने पाणी कठीण होतं, पीएच चढतो. कुठलीही वाळू असो, आधी तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसली तर चुना आहे. तळ्यातमळ्यात, तुम्हीही करा, निऑनना मऊ पाणी मानवतं.

तळ्यातमळ्यात
व्हिनेगर टाकलं, फसफसली नाही. वाळूचं भांडं ठेवतोय. अमोनियाचं किट आणि स्पंज फिल्टर उद्या आणेन. तो याच हवेच्या पंपाला जोडता येईल की दुसरा लागेल?

वाळवंटी
पंपात जोर असेल तर टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन्ही नळ्या काढा. प्लेटचे बुडबुडे मंदावले तर मात्र दुसरा पंप घ्या. आणि पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालाच, वीज गेली की पाणी उलट पंपात येतं.