शिश्किनच्या ‘हिवाळा’ची नक्कल: बर्फ चुन्यासारखा का दिसतोय?

रंगपेटी:
रशियन चित्रकार इव्हान शिश्किनच्या ‘हिवाळा’ (१८९०) या बर्फाळ जंगलाच्या चित्राची तैलरंगात नक्कल करतोय, २४ × ३६ इंची कॅनव्हासवर. पांढऱ्या प्रायमरवर (कॅनव्हासच्या अस्तरावर) थेट टिटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग लावला. जमिनीवरचा बर्फ चुना फासल्यासारखा सपाट दिसतो, आणि खोडांजवळ राखाडी चिखल होतो.

टर्पेंटाइन:
मूळ चित्रात शुद्ध पांढरा जवळपास नाहीच. मागे झाडांच्या फटीतून कोवळा पिवळसर उजेड येतो, तिथला बर्फ सगळ्यांत उजळ. पुढचा सगळा सावलीतला, निळसर-करडा. काळा ० आणि पांढरा १० धरला तर पुढचा बर्फ ६-७ वर ठेवा, मागचा ९ वर. शेजारची खोडं पुरेशी गडद असली की तो ६ सुद्धा पांढराशुभ्र वाटतो.

पांढऱ्या प्रायमरवर हा अंदाज हमखास चुकतो. बर्न्ट सिएन्नात (तांबूस तपकिरी) थोडा अल्ट्रामरीन (निळा) घालून टर्पेंटाइनमध्ये पातळ करा, कॅनव्हासभर लावा आणि कापडाने पुसून मधला टोन, म्हणजे ना गडद ना उजळ, ठेवा. सावलीच्या बर्फासाठी साधारण १० भाग पांढरा, १ भाग अल्ट्रामरीन, अर्धा भाग बर्न्ट सिएन्ना. काळा घालू नका, बर्फ शिशासारखा दिसतो.

चिखल होतो तो ओल्या खोडावर पांढरा ओढल्यामुळे. खोडं आधी, पातळ थरात. त्यात बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) असेल तर लवकर सुकतात. पावसाळी दमट हवेत मात्र जास्त दिवस द्या. मग फांदीवरचा बर्फ जाड रंगाने, पेंटिंग नाइफच्या (रंग लावायच्या बोथट सुरीच्या) एकाच फटक्यात. दर फटक्याला नाइफ पुसायची.

करडई:
वरच्या पांढऱ्या थरात जवसाचं तेल वापरू नका, पिवळं पडतं. करडईचं किंवा अक्रोडाचं घ्या, पण आर्टिस्ट ग्रेडचंच. खाण्याच्या तेलात अँटिऑक्सिडंट असू शकतात, मग थर चिकटच राहतो. खालच्या थरांना जवसच बरं, त्याचा थर जास्त मजबूत. झिंक व्हाइट हा दुसरा पांढरा रंग खालच्या थरांत नकोच. तो ठिसूळ होतो आणि वरचं सगळं तडकतं.

चौकट:
मापाचं कोणीच बोललं नाही. मूळ चित्र १२५.५ × २०४ सेंमी, म्हणजे २४ इंच उंचीला रुंदी सुमारे ३९ इंच हवी. ३६ मध्ये बसवताना झाडं दाबली असतील तर खोडांमधल्या फटी अरुंद झाल्या असणार, आणि मागचा उजेड त्या फटींतूनच येतो. दाबू नका, कडेचे ३ इंच कापा.

रंगपेटी:
दाबलीच आहेत. खोडं पुन्हा आखतो.