‘ऑफेन्सिव्ह फाऊल’ला मराठीत काय म्हणता?

प्रश्न (फोंडा): आंतरशालेय बास्केटबॉलच्या बातमीत मी ‘आक्रमक फाऊल’ लिहिलं. संपादक म्हणाले, “एवढी मारामारी झाली?” झालं होतं इतकंच, की चेंडू घेऊन सुसाट निघालेला मुलगा समोर उभ्या असलेल्याच्या छातीवर आदळला. एका ठिकाणी तर ‘आक्षेपार्ह फाऊल’ वाचलं! शब्द सुचवा. शिवाय कोपर लागलं तर ‘कोपरखळी’ चालेल का?

उत्तर (म्हापसा): ‘आक्षेपार्ह’ नकोच, फाऊल सगळेच आक्षेपार्ह! ‘आक्रमक’ म्हटलं की स्वभाव डोळ्यांपुढे येतो. इथे सांगायचंय बाजू कुणाची ते. चेंडू ज्यांच्या ताब्यात, त्यांनीच केलेला फाऊल. कबड्डीतली ‘चढाई’ उचला, ‘चढाईतला फाऊल’ म्हणा.

मी शाळांच्या सामन्यांत शिट्टी धरतो, म्हणून थोडं सांगतो. बचावपटू तोंड समोर करून, दोन्ही पाय टेकवून आधी उभा राहिला आणि धडक त्याच्या धडावर बसली, तर चार्जिंग, म्हणजे धडकणाऱ्याचा फाऊल. उशिरा आडवा घुसला तर ब्लॉकिंग, म्हणजे बचावपटूचाच फाऊल. पंच मूठ उघड्या तळव्यावर आपटतो ती चार्जिंगची खूण. चार्जिंगच्या फाऊलला फ्री थ्रो (बास्केटवर बिनअडथळ्याची फेक) नाही, संघाचे फाऊल चारच्या वर गेलेले असले तरी नाही; चेंडू मात्र पलीकडच्यांना. बास्केटखाली 1.25 मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ असतं. तिथे उभं राहून हवेत झेपावलेल्याकडून चार्जिंग मिळवता येत नाही.

कोपरखळी मात्र नको. ती चहाच्या टेबलावर मारतात, हसत. मैदानावर कोपर ‘लागतं’, ‘मारतात’ किंवा ‘घुमवतात’, आणि पंचाचं अर्धं डोकं या तीन क्रियापदांतच जातं. नुसतं लागलं तरी फाऊल होऊ शकतो, हेतू नव्हता म्हणून सुटका नाही. मुद्दाम, जोरात मारलं तर अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खेळाडूला न शोभणाऱ्या फाऊलपर्यंत जातं. रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा उसळलेला चेंडू) घेतल्यावर कोपरं फार घुमवली तर कुणाला न लागताही टेक्निकल, म्हणजे वागणुकीबद्दलचा फाऊल.

परवाच एका मुलीने रिबाउंड छातीशी धरला आणि कमरेतून गर्रकन वळली. मागचीच्या ओठाला कोपर. बाहेरून पालक कोंकणीत ओरडले, “कोंपर मारलो!” पण तिचं कोपर अंगालगतच होतं, मागचीच अंगावर येऊन वाकली होती. मी फाऊल दिला तो मागचीला. पालक अजून बोलत नाहीत माझ्याशी.

आणखी एक उत्तर (मडगाव): ‘चढाईतला’ छान, पण चेंडूशिवाय धावणाऱ्याने ढकललं तर? तोही हाच फाऊल, त्याला चढाई कशी म्हणायची? ‘ताब्यातल्या संघाचा फाऊल’ अचूक आहे, फक्त कानाला कार्यालयीन वाटतो. नुसत्या धडकेला आमच्याकडे मुलं सरळ ‘ढुशी’ म्हणतात.

प्रश्नकर्ता: ‘चढाईत धडक दिल्याचा फाऊल’ लिहून पाठवलं. मथळ्यात मावेना. संपादकांनी ‘चार्जिंग’ ठेवलं.