नर्सिंगचा प्रवेश आणि पहिलं वर्ष : तुम्ही कसं निभावलंत?

आमच्या घरातली एक मुलगी यंदा नर्सिंगला अर्ज करतेय. सल्ले तिला भरपूर मिळालेत, त्यातले निम्मे 'सेवाभाव हवा हो' या जातीचे. सेवाभाव असेलच, नाहीतर अर्ज कशाला केला असता? मला हवंय ते वेगळं. निवड होताना काय विचारलं, पहिल्या वर्षात कुठे घाम फुटला, वॉर्डात उभं राहताना काय कामाला आलं? जे स्वतः केलंत तेवढंच सांगा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

'नर्सिंगच का?' हे मुलाखतीत विचारतातच. माझ्या आधीच्या मुलींनी बहुधा सेवा आणि त्याग बरंच ऐकवलं असावं, कारण मी खुर्चीत बसते न बसते तोच बाई म्हणाल्या, "सेवा सोडून दुसरं काहीतरी सांग." मी आजीचं सांगितलं. ती अंथरुणाला खिळली होती आणि घरी येणाऱ्या सिस्टरनी आम्हाला दर दोन तासांनी तिची कूस बदलायला शिकवलं होतं. लगेच पुढचा प्रश्न आला, "ते कशासाठी?" हाड आणि गादी यांच्यात कातडी दाबून राहिली की तिथला रक्तपुरवठा कमी पडतो आणि जखम होते, म्हणून माकडहाड, खुबे, टाचा रोज बघायच्या, नुसती लाली दिसली तरी सांगायचं. एवढं मी वाचून गेले होते. उरलेली मुलाखत आजीवरच झाली! एकच प्रसंग न्या, पण त्यामागचं कारण पक्कं करून न्या. अर्जासोबतच्या निवेदनातही मी तेच लिहिलं होतं.

सध्या आयसीयूत

कोरडं आहे, पण आधी हे बघा. संस्थेला तिथल्या नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का, ते परिषदेच्या यादीत तपासा. संस्थेचं माहितीपत्रक काहीही म्हणेल. मान्यता नसेल तर पुढे नोंदणी अडते, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही.

दुसरं, हिपॅटायटिस बी. नेहमीच्या वेळापत्रकात लशीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासतात. म्हणजे ठरवलं तरी घाईत उरकता येत नाही. वॉर्डात पाठवण्याआधी बऱ्याच ठिकाणी हा कागद मागतात. अर्ज भरला की लस सुरू करा.

गणित सुटलं म्हणून खूश असलेली एक

सुटत नाही. औषधांच्या हिशेबाची परीक्षा असते आणि तिथे 'पासापुरते मार्क' चालत नाहीत. सूत्र चौथीतल्या मुलालाही जमेल असं आहे : हवा असलेला डोस भागिले हाताशी असलेला डोस, गुणिले त्याचे मिली. ३७५ मिलिग्रॅम द्यायचंय, बाटलीवर ५ मिलीत २५० लिहिलंय, तर उत्तर साडेसात मिली. गोंधळ होतो तो एककांचा. ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम. प्रत्येक पायरीला हजार.

मी आकडेमोडीच्या आधी अंदाज लिहायचे. ३७५ म्हणजे २५० ची दीडपट, तेव्हा उत्तर ५ च्या दीडपटीजवळच हवं. कॅल्क्युलेटर ७५ म्हणाला तर हात तिथेच थांबतो. सलाईनचंही तसंच. १००० मिली ८ तासांत, सेट २० थेंबांचा (म्हणजे मिलीमागे २० थेंब), तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रोड्रिपला, म्हणजे बारीक थेंबांच्या सेटला, मिलीमागे ६० थेंब असतात, त्यामुळे ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. हे कळलं तेव्हा मी वर्गात मोठ्याने हसले होते.

आणि शून्य! ०.५ लिहिताना पुढचं शून्य गाळायचं नाही, ५ लिहिताना ५.० करायचं नाही. टिंब पुसट झालं की ५ चे ५० होतात.

दोन मुलांची आई, उशिरा शिकलेली

पाठांतराचं वय गेलं होतं, म्हणून मुलांना शिकवत सुटले. कपडे घड्या घालता घालता हृदय : उजव्या बाजूचं रक्त फुप्फुसात, तिथून डाव्या बाजूला, मग महारोहिणीतून सगळीकडे. धाकट्याने विचारलं, "डावी बाजू दमली तर?" तर रक्त मागे तुंबणार. मागे काय आहे? फुप्फुसं. म्हणून धाप लागते, आडवं झोपवत नाही. उजवी दमली तर अंगात तुंबतं, पाय सुजतात. पुस्तकातली लक्षणांची लांबलचक यादी मला त्यानंतर कधी पाठ करावी लागली नाही. पोरगं डॉक्टर-बिक्टर झालेलं नाही, पण ही उजळणी त्याचीच.

रक्त बघून चक्कर येणारा

येते, जाते. रिकाम्या पोटी ड्युटीला जायचं नाही. गुडघे ताठ करून उभं राहायचं नाही. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू घट्ट आवळायचे, रक्तदाब सावरतो. तरीही नाही जमलं तर सरळ खाली बसायचं, आणि निर्जंतुक ट्रेवर पडायचं नाही. बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. त्यांनी भिंतीजवळ उभं केलं, विषय संपला.

वॉर्डात विद्यार्थी सांभाळणारी सिस्टर

मुलं हुशार असतात, पण पेपरात 'सर्वात आधी काय कराल?' आलं की अडकतात, कारण चारही पर्याय बरोबर असतात. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण या क्रमाने बघा. रुग्ण घुसमटत असेल तर धीर देणं, नोंद करणं, डॉक्टरांना फोन करणं, सगळं बरोबर. पण आधी त्याचा श्वासमार्ग.

प्रत्यक्षात मी बारीक गोष्टी बघते. श्वास मोजताना 'आता श्वास मोजते' असं रुग्णाला सांगणारी मुलगी चुकीचा आकडा आणते, कारण तो लगेच जपून श्वास घेतो. मनगट धरून ठेवा, नाडी मोजून झाली की हात न सोडता छातीकडे बघा. लय अनियमित वाटली तर नाडी पूर्ण मिनिट मोजा. बीपी ऐकू आलं नाही तर 'आलं नाही' म्हणा. १२० बाय ८० हा आकडा चार्टवर इतका छान दिसतो की मला त्याचाच सगळ्यात जास्त संशय येतो.

फोनवर डॉक्टरांना सांगताना सुरुवात 'सर, पेशंट बरा नाही वाटत' अशी नको. आत्ता काय झालंय, आधीची पार्श्वभूमी काय, मी काय तपासलं, मला काय हवंय. याच क्रमाने. पहिल्या वर्षाच्या मुलीने असं सांगितलं तरी समोरचा ऐकून घेतो.

ब्रदर

महिला रुग्णाच्या खाजगी काळजीची वेळ आली की आधी विचारायचं, पडदा ओढायचा, सोबत महिला सहकारी घ्यायची. 'नाही' म्हणाली तर वाईट वाटून घेत बसायचं नाही, काम अदलाबदल करायचं. बाकी वजन उचलायला सगळे मलाच बोलावतात. एकट्याने उचलू नका, सरकवायची चादर वापरा. पाठ एकच आहे.

अर्ज करणारी मुलगी

सगळं वाचतेय. स्टेथो आत्ताच महागातला घेऊ का?

वॉर्डात विद्यार्थी सांभाळणारी सिस्टर

नको. साधा घे, आणि त्यावर नाव घाल. वॉर्डात स्टेथो फिरतात, परत येत नाहीत. त्यापेक्षा सेकंदकाटा असलेलं घड्याळ घे, पण मनगटी नको. हात कोपरापर्यंत मोकळे ठेवायचे असतात. खिशाला अडकवायचं मिळतं, ते घे.