मदत हवी आहे: मैदानाची तिकिटं किती छापू? उद्या प्रेसला द्यायचीत

मातीतला गडी
यंदा यात्रेच्या कुस्ती मैदानाला पहिल्यांदाच तिकीट लावलंय. उद्या दुपारपर्यंत प्रेसवाल्याला आकडा द्यायचाय. पोलीस ठाण्याच्या अर्जातही किती माणूस येणार ते लिहायचंय. कमिटीत एक जण दोन हजार म्हणतो, दुसरा वीस हजार. आकडा काढायचा कसा? तिकीट लावावं का नको, हे विचारलेलं नाही.

कृष्णाकाठ
गाव कुठलं? रान बंदिस्त का उघडं? पहिल्या नंबरला, म्हणजे शेवटच्या मोठ्या कुस्तीला कोण कोण? त्याशिवाय काय सांगणार?

मातीतला गडी
तासगाव तालुका. उघडं रान. कुस्त्यांची पत्रिका अजून जाहीर नाही.

घुमकं
तरी सांगतो, तिकीट लावू नका. यात्रेची कुस्ती वर्गणीवर होते. माणूस भाकरी बांधून लांबनं येतो, त्याला फाटकावर अडवणार?

मिरजेचा रेसलिंगवाला
आधी आकडा कशाचा हवाय ते ठरवा. विकलेली तिकिटं, आत आलेली माणसं आणि माईकवरनं पुकारलेला आकडा, तिन्ही वेगळे असतात. टीव्हीवरची कुस्ती घ्या. अमेरिकेतल्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीनं २०१६ ला टेक्सासमधल्या रेसलमेनिया या तिच्या मोठ्या कार्यक्रमाला १,०१,७६३ माणसं जाहीर केली. त्यात तिकीट तपासणारे, जागा दाखवणारेही धरलेत, असं पुढं कंपनीच्या प्रमुखानंच सांगितलं. २०२३ ला एईडब्ल्यू या तसल्याच दुसऱ्या कंपनीनं लंडनच्या वेम्ब्लीत ८१,०३५ तिकिटं खपल्याचं जाहीर केलं, तिथल्या कौन्सिलच्या नोंदीत आत गेलेले ७२,२६५. नवातला एक आलाच नाही. प्रेसला एक आकडा द्या, पोलिसांना दुसरा.

घुमकं
ती ठरवून केलेली कुस्ती. तिचा मैदानाशी काय संबंध?

मिरजेचा रेसलिंगवाला
निकाल ठरलेला असतो, गर्दी खरीच असते ना?

कृष्णाकाठ
आपल्याकडं उलटं होतं. तिकीटवाले कमी आणि आत जास्त. शेवटची कुस्ती लागली की फाटकावरची पोरंच आत पळतात. शिवाय कोल्हापूरचं खासबाग मैदान खोलगट आहे, चहूबाजूनं पायऱ्या, मागच्यालाही दिसतं. सपाट रानात दहाव्या रांगेच्या मागं काही दिसत नाही, मग माणूस उभा राहतो आणि भांडणं लागतात. पैसे देऊन तिथं कोण बसंल?

मातीतला गडी
अहो, तिकीट फक्त गॅलरीला! खाली फुकटच आहे. 

मंडपवाले
हे पहिल्यांदा लिहायचं. बसायला माणसाला दीड फूट लागतं. साठ फुटी गॅलरी, सात पायऱ्या, म्हणजे पायरीला ४० आणि गॅलरीला २८०. किती गॅलऱ्या?

मातीतला गडी
तेवढ्याच मापाच्या चार.

मंडपवाले
११२० झाले. तिकिटं हजारच छापा. उरलेल्या जागा इनाम देणारे आणि जुने पैलवान यांना लागतातच. प्रत्येक गॅलरीचा रंग वेगळा ठेवा, नंबर टाका, फाटकावर अर्धं फाडून डब्यात टाका. रात्री डबा मोजला की खरा आकडा हातात. गॅलरीच्या जोडांचे नटबोल्ट आदल्या दिवशी स्वतः बघा, ठेकेदाराच्या शब्दावर राहू नका.

लाल माती
मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कधी घालताय? आत्तापासनं खणून मळली नाही तर पैलवानांचे गुडघे सोलतात.

मातीतला गडी
मातीचं वस्ताद बघतात. पोलिसांना काय लिहू ते सांगा.

मंडपवाले
रान किती?

मातीतला गडी
एक एकर.

मंडपवाले
चाळीस गुंठे. आखाडा, गॅलऱ्या, वाटा यांचे दहा काढा. दाटीनं बसली तर गुंठ्याला १८० माणसं धरा. खाली ५४०० आणि गॅलरीत ११२०. साडेसहा हजार लिहा. वीस हजार त्या रानात मावतच नाहीत.

सातारकर
पाऊस आला तर पैसे परत का नाही, ते तिकिटावरच छापा. २०२२ च्या एप्रिलात साताऱ्यात महाराष्ट्र केसरी चालू असताना पावसानं गाठलं होतं.

वाळव्याची ताई
चारातली एक गॅलरी बायकांना ठेवा. पहिली महिला महाराष्ट्र केसरी २०२३ ला सांगलीतच झाली, आपल्याच जिल्ह्याच्या प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली. आम्हालाही कुस्ती बघायची असते, पण बसायला जागाच नसते.

मातीतला गडी
हजार छापतोय, पावसाची ओळ टाकतो. ताई, तुमचं कमिटीपुढं मांडतो.

कृष्णाकाठ
आणि पहिल्या नंबरला कोण ते अजून सांगितलंच नाही. तिकिटं त्याच्यावरच खपणार.